कुत्रा पाप करतो का?



ईस्टरनंतर घरे आशीर्वादित करायला आळीआळीतून फिरताना हल्ली एक बदल जाणवतो. पूर्वी कुत्रा अंगणात, आंब्याच्या नाहीतर चिकूच्या झाडाखाली पडलेला असायचा. आता तो दिवाणखान्यात आला आहे. त्याला नाव आहे, जात आहे, कुठे कुठे त्याचा वाढदिवससुद्धा होतो. अशाच एका घरी प्रार्थना आटोपून पवित्र पाणी शिंपडत होतो, तर सोफ्याखालून दोन डोळे माझ्याकडे बघत होते. घरधनी म्हणाले, "घाबरू नका फादर, तो काही करणार नाही. चांगला धाक बसवलाय." त्यांनी टेबलावरची वर्तमानपत्राची गुंडाळी नुसती उचलून दाखवली. डोळे आणखी आत गेले. मला सोडायला फाटकापर्यंत आले तेव्हा त्यांनी सहज विचारावे तसे विचारले, "कुत्र्याला मारलं तर पाप लागतं का हो, फादर?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना याच प्रश्नाच्या आसपास मोठमोठी माणसे घुटमळलेली आम्ही वाचली होती. पण त्याचे उत्तर देण्याआधी दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: कुत्रा पाप करतो का? कारण मारणाऱ्याच्या मनात ते गृहीत असते. "त्याला सगळं कळतं," असे आपण म्हणतो. "मुद्दाम करतो. बघा ना, गादीवर घाण केली की कसा कान पाडून, नजर चुकवून बसतो. गुन्हा कबूलच आहे त्याला."

या 'कबुली'ची एकदा नीट तपासणी झाली आहे. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ साली १४ पाळीव कुत्र्यांवर एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. मालकाने कुत्र्यासमोर खाऊ ठेवायचा, 'खायचा नाही' म्हणून बजावायचे आणि खोलीबाहेर जायचे. तो बाहेर असताना काही कुत्र्यांनी खाऊ खाल्ला, काहींनी खाल्ला नाही. मालक परत आला की त्याला कधी खरे सांगितले जाई, कधी खोटे. म्हणजे निर्दोष कुत्र्याच्या मालकालाही 'यानेच खाल्ला' असे सांगितले जाई आणि तो त्याला रागवे. निष्कर्ष असा निघाला की, कान पाडणे, नजर चुकवणे, अंग चोरणे, हे सारे 'अपराधी' चाळे कुत्र्याने खाऊ खाल्ला की नाही यावर अवलंबून नव्हते. ते मालक रागावला की नाही यावर अवलंबून होते. आणि सर्वांत जास्त 'अपराधी' कोण दिसले? ज्यांनी काहीच खाल्ले नव्हते आणि तरी बोलणी खाल्ली, ते.

म्हणजे ज्याला आपण कबुलीजबाब समजत होतो, ती दयेची याचना होती. कुत्रा आपला चेहरा वाचतो, आपला आवाज ऐकतो आणि 'आता मार बसणार' एवढे ओळखतो. सकाळी केलेली घाण आणि संध्याकाळी कामावरून आल्यावर पाठीत बसलेला रपाटा यांचा संबंध त्याच्या डोक्यात जुळत नाही. त्याच्या लेखी घडलेले एवढेच, की मालक घरी आला आणि मार पडला. असे चार-पाच वेळा झाले की मालक घरी येणे हीच त्याला भीतीची गोष्ट होते. मग तो घाबरून दारातच लघवी करतो आणि पुन्हा मार खातो. कित्येक घरांत हे चक्र वर्षानुवर्षे चालते, आणि कुत्रा 'बिघडला' असे म्हणून शेवटी त्याला लांब कुठेतरी सोडून दिले जाते.

पहिल्या कम्युनियनच्या वर्गात आपण जे शिकलो ते इथे उपयोगी पडते. गंभीर पापासाठी गोष्ट गंभीर असणे पुरेसे नाही, तिचे पूर्ण ज्ञान हवे आणि मनापासून संमती हवी. संत थॉमस अक्वायनस प्राण्यांविषयी लिहितात तेव्हा ते त्यांना दगडासारखे जड मानत नाहीत. मेंढी लांडग्याला पाहताच पळते, ती त्याच्या रंगरूपाला कंटाळून नव्हे. काय हितकर आणि काय घातक हे जोखण्याची एक अंगभूत शक्ती प्राण्याला दिलेली आहे, असे ते म्हणतात. पण न्याय काय, अन्याय काय, आज्ञा कशासाठी आहे, हे विचारण्याची बुद्धी आणि त्यानुसार निवड करण्याचे स्वातंत्र्य मात्र त्याला नाही. तसे असेल तर कुत्र्याला 'शिक्षा' करता येत नाही. त्याला फक्त दुखवता येते. शिक्षा हा शब्द जिथे अपराध समजू शकतो तिथेच लागू पडतो. याउलट, सतराव्या शतकात देकार्तने प्राण्यांना घड्याळासारखी यंत्रे ठरवले. त्याचे खरे मानले तरीही मारण्याला अर्थ राहत नाही, कारण घड्याळ मागे पडले म्हणून कोणी त्याला चाबकाने फोडत नाही. आपण मात्र दोन्ही डगरींवर पाय ठेवतो. जेवणाच्या वेळी 'जनावरच ते' म्हणून शिळेपाके टाकतो, आणि चूक झाली की माणसासारखा जाब विचारतो.

जुन्या करारात गणनाच्या पुस्तकात बलामची हकीकत आहे. बलाम गाढवीवर बसून निघाला असताना वाटेत देवदूत तलवार उपसून उभा राहतो. बलामला तो दिसत नाही, गाढवीला दिसतो. ती एकदा वाट सोडून शेतात शिरते, एकदा भिंतीला घासते आणि बलामचा पाय चेंगरतो, तिसऱ्यांदा वाटच नसल्यामुळे ती खाली बसते. तिन्ही वेळा बलाम तिला मारतो. आपण ही गोष्ट गाढवी बोलली म्हणून लक्षात ठेवतो. मला त्यात दुसरेच काही महत्त्वाचे वाटते. दूताने बलामला प्रथम विचारले ते हेच, की तू या गाढवीला तीन वेळा का मारलेस? ज्याला आपण आडमुठेपणा समजतो, त्यामागे त्या प्राण्याला दिसलेले आणि आपल्याला न दिसलेले काहीतरी असू शकते. फटाक्यांच्या आवाजाने खाटेखाली शिरलेला कुत्रा, कान दुखत असल्यामुळे डोक्याला हात लावू न देणारा कुत्रा, छत्री उघडणाऱ्या माणसावर भुंकणारा कुत्रा, यांच्यापैकी हट्टी कोणीच नसतो.

मग मारून शिकवण्याची ही पद्धत इतकी पक्की कशी झाली? काही अंशी ती माणसाच्या स्वभावातच आहे. काही अंशी तिला पुस्तकांचा आधार मिळाला. जर्मन पोलीस अधिकारी कॉनराड मोस्ट यांचे १९१० सालचे पुस्तक लष्करी आणि पोलिसी कुत्र्यांसाठी होते, त्यात सक्तीला मोठे स्थान होते. अमेरिकेत विल्यम कोहलर यांचे पुस्तक १९६२ साली आले. हे गृहस्थ डिस्नेच्या चित्रपटांतील कुत्र्यांना शिकवायचे. बागेत खड्डा खणणाऱ्या कुत्र्यासाठी त्यांचा उपाय असा होता, की तोच खड्डा पाण्याने भरावा आणि कुत्र्याचे तोंड त्यात बुडवावे. हे पुस्तक अनेक वर्षे घराघरांत वाचले गेले. जोडीला लांडग्यांची एक कथा आली: कळपात एक दांडगा म्होरक्या असतो आणि तो इतरांना दाबून ठेवतो, म्हणून घरात कुत्र्यावर मालकानेही तसेच वर्चस्व गाजवले पाहिजे. या कथेचे मूळ रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे, आणि तो पिंजऱ्यात कोंडलेल्या लांडग्यांचा अभ्यास होता. डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ही कल्पना सर्वत्र पोहोचवली. पुढे याच मेकनी कॅनडाच्या एल्समेअर बेटावर मोकळ्या लांडग्यांमध्ये अनेक उन्हाळे घालवले आणि १९९९ साली लिहिले, की रानातला कळप म्हणजे बहुधा एक कुटुंबच असते, म्होरके म्हणजे त्या पिल्लांचे आईबाप. आपले जुने पुस्तक छापणे थांबवावे म्हणून ते प्रकाशकांच्या मागे लागले होते. अखेर २०२२ साली ते थांबले. आपल्याकडचे काही प्रशिक्षक मात्र अजून 'त्याला दाखवा बॉस कोण आहे' हेच शिकवतात आणि महिन्याची फी घेतात.

दुसरी वाट समुद्रातून आली. डॉल्फिनला गळ्यात पट्टा बांधता येत नाही, आणि त्याला मारायला गेलात तर तो सरळ पोहत निघून जातो. १९६३ साली हवाईमधील सी लाइफ पार्कमध्ये कॅरेन प्रायर यांच्यावर डॉल्फिन शिकवण्याची जबाबदारी आली तेव्हा त्यांच्या हाती काय होते? एक शिट्टी आणि माशांची बादली. हवी ती हालचाल डॉल्फिनने केली की त्याच क्षणी शिट्टी, आणि मागोमाग मासा. शिट्टीचा अर्थ: 'हेच, आत्ता केलेस ते.' वर्तनशास्त्रज्ञ स्किनर यांचे विद्यार्थी केलर आणि मरियन ब्रेलँड या दाम्पत्याने ही रीत त्याआधीच कोंबड्या-डुकरांवर वापरली होती. प्रायरबाईंनी १९८४ च्या आपल्या पुस्तकातून ती सामान्य माणसांपर्यंत नेली. शिट्टीऐवजी पुढे टक्-टक् वाजणारी एक छोटी डबी आली, तिला क्लिकर म्हणतात. डबी नसली तरी चालते, 'शाब्बास' हा आपला शब्द तेच काम करतो. मात्र तो त्याच क्षणी उच्चारला पाहिजे आणि दर वेळी मागोमाग काहीतरी मिळाले पाहिजे.

घरात हे कसे करायचे? पाहुणे आले की कुत्रा अंगावर उड्या मारतो, असे समजा. आपली रीत अशी, की ओरडायचे, गुडघा मारायचे, कोंडून ठेवायचे. यातून त्याला काय करू नये याची अर्धवट कल्पना येते, काय करावे हे कळतच नाही. नवी रीत त्याला आधी निवांत वेळी 'बस' शिकवते. तो बसला की 'शाब्बास' आणि उकडलेल्या कोंबडीचा हरभऱ्याएवढा तुकडा. दिवसातून दोन-तीन वेळा, पाच-पाच मिनिटे, त्याहून जास्त नको. मग घरातल्याच कोणीतरी दारातून यायचे. उडी मारली तर पाठ फिरवायची, बसला तर जवळ जायचे. काही दिवसांनी त्याला समजते, की बसल्यावर माणसे जवळ येतात. घरात घाण करणाऱ्या पिल्लाला उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर लगेच बाहेर न्यायचे आणि तिथे केले की तिथेच शाबासकी द्यायची. घरात केलेच तर निमूट पुसून टाकायचे. त्याचे नाक त्यात घासणे ही आपल्याकडची आवडती शिक्षा, तिच्यातून ते एवढेच शिकते, की माणसासमोर करू नये. मग ते पलंगामागे जाऊन करते.

इथे एक आक्षेप हमखास येतो आणि तो वजनदार आहे. ही लाच झाली नाही का? मारून नाही तर खाऊ देऊन, शेवटी आपण त्याला आपल्या इच्छेप्रमाणे वाकवतोच. मग यात दया कुठे आली? ही तर चतुर माणसाची हिकमत!

पहिला भाग सोपा आहे. लाच काम करण्याआधी दाखवतात, आणि ती करू नये ते करण्यासाठी असते. काम झाल्यावर दिलेल्याला आपण मजुरी म्हणतो. तुकडा हातात नाचवत 'बस, बस' करत राहिलात तर ती लाचच होते आणि तुकडा नसला की कुत्रा ऐकत नाही. ज्यांची ही तक्रार असते त्यांनी बहुधा क्रम उलटा केलेला असतो.

दुसरा भाग सोपा नाही. केवळ खाऊ वापरला म्हणून माणूस दयाळू ठरत नाही, हे मान्यच करायला हवे. सर्कशीतल्या प्राण्यालाही खाऊ मिळतो. उपाशी ठेवून मग घासाघासाने नाचवणारा माणूस काठी वापरत नाही, तरी तो क्रूरच. म्हणून या पद्धतीचे खरे मर्म मला खाऊत दिसत नाही. ते तिच्या अटीत दिसते. मारणाऱ्याला कुत्र्याकडे फक्त चूक होताना बघावे लागते. बक्षीस देणाऱ्याला तो बरोबर काय करतो हे सतत बघत राहावे लागते. त्यासाठी स्वतःचा राग आवरावा लागतो, वेळ द्यावा लागतो, आपले सांगणे स्पष्ट होते का हे तपासावे लागते. कुत्रा ऐकत नसेल तर पहिला प्रश्न 'याला कसे वठणीवर आणू' असा राहत नाही. 'याला काय समजले नाही, कशाची भीती वाटते, काय दुखते' असा होतो. या शाळेत कुत्र्याइतकाच मालकही विद्यार्थी असतो, आणि मला वाटते त्याचाच अभ्यास अधिक कठीण आहे.

संत थॉमस यांनी भीतीचे दोन प्रकार सांगितले आहेत. एक दासाची भीती, जिला शिक्षेचे भय असते. दुसरी मुलाची भीती, जिला प्रिय व्यक्ती दुखावली जाईल, दुरावेल याचे भय असते. आता कुत्र्याच्या ठायी पुत्रभावाची भीती असते असे मी म्हणणार नाही, संत थॉमस तर मुळीच म्हणाले नसते. पण त्याच्या मनात दासाची भीती भरायची की नाही हे आपल्या हाती असते. आणि अशी भीती भरता भरता आपण कसले धनी होत जातो हेही पाहिले पाहिजे. काठी उचलताच गप्प होणारा कुत्रा पाहून ज्याला समाधान वाटते, तो घरात इतरत्रही तसलीच शांतता शोधू लागतो.

या शांततेबद्दल थोडे अधिक सांगायला हवे. १९६७ साली अमेरिकेत मार्टिन सेलिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही कुत्र्यांना विजेचे असे धक्के दिले, की कुत्र्याने काहीही केले तरी ते चुकवता येत नव्हते. (हा प्रयोग वाचतानाही अंगावर काटा येतो, आणि ज्ञान मिळाले म्हणून तो योग्य ठरतो असे मला वाटत नाही.) नंतर त्यांना अशा पेटीत ठेवले, जिथे एक बुटका अडसर ओलांडला की धक्का थांबत असे. इतर कुत्रे उडी मारून सुटले. पण आधी निरुपाय अनुभवलेल्यांपैकी बहुतेक तिथेच पडून कण्हत राहिले. ते शांत होते, त्यांनी कसलाही त्रास दिला नाही. 'आमचा कुत्रा फार शहाणा, एका जागी पडून असतो' असे ऐकले की मला कधीकधी ते आठवते. शहाणपणा आणि खचलेपणा लांबून सारखेच दिसतात.

पोर्तुगालमधील कातारिना विएरा दे कास्त्रो आणि सहकाऱ्यांनी २०२० साली सात प्रशिक्षण शाळांतील ९२ कुत्र्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. गळपट्ट्याचे हिसके, ओरडणे, दाबून धरणे यांवर भर असलेल्या शाळांतील कुत्र्यांच्या लाळेत प्रशिक्षणानंतर ताणाचे संप्रेरक अधिक वाढलेले आढळले. ते जांभया अधिक देत, ओठ अधिक चाटत, धापा अधिक टाकत. वाडग्यात खाऊ आहे की नाही हे अनिश्चित असताना, सर्वाधिक कडक शाळांतले कुत्रे त्याच्याकडे जास्त संथपणे गेले, जणू काही चांगले मिळेल ही आशाच त्यांनी सोडली होती. अमेरिकेतील पशुवर्तनाच्या वैद्यांच्या संघटनेने २०२१ साली सांगितले, की बक्षिसावर आधारलेली पद्धत सर्व कुत्र्यांसाठी वापरावी, आक्रमक कुत्र्यांसाठीसुद्धा. विजेचा धक्का देणाऱ्या गळपट्ट्यांवर वेल्समध्ये २०१० पासून बंदी आहे.

आक्रमक कुत्र्यांचा विषय निघालाच आहे, तर लहान मुले असलेल्या घरांनी एवढे जरूर लक्षात ठेवावे. गुरगुरणाऱ्या कुत्र्याला त्यासाठी मारू नये. गुरगुरणे ही त्याची 'मला सोडा, दूर व्हा' अशी सूचना असते. मार खाऊन तो गुरगुरणे बंद करतो, अस्वस्थता मात्र तशीच राहते. मग एके दिवशी तो 'काही कारण नसताना' चावतो, आणि चावा बहुधा मुलाच्या तोंडावर येतो, कारण मुलाचे तोंड त्याच्या तोंडाच्या उंचीवर असते. गुरगुरला तर मुलाला बाजूला घ्या, तो कशाने गुरगुरला ते शोधा. खाणाऱ्या नि झोपलेल्या कुत्र्यापाशी मुलांना जाऊ देऊ नका. रेबीजची लस दरवर्षी टोचून घ्या. आणि दया म्हणजे मोकाट सोडणे नव्हे. आपला कुत्रा 'प्रेमळ' आहे म्हणून त्याला पट्ट्याशिवाय रस्त्यावर सोडणे हा शेजाऱ्यावर अन्याय आहे.

आता फाटकापाशी विचारलेल्या प्रश्नाकडे. जुने तत्त्ववेत्ते बहुतेक असे सांगत, की प्राण्याशी क्रूरपणे वागू नये, कारण त्याने माणूस माणसांशीही क्रूर होतो. संत थॉमस यांचे हेच म्हणणे होते. कांटने आपल्या व्याख्यानांत नेमके कुत्र्याचेच उदाहरण घेतले: आयुष्यभर इमानाने सेवा केलेला कुत्रा म्हातारा झाल्यावर त्याला गोळी घालणारा मालक कुत्र्याविषयीचे कर्तव्य मोडत नाही, कारण असे कर्तव्यच नाही, पण तो स्वतःमधील माणुसकीला इजा करतो. हे खरे आहे, पण माझ्या मते पुरेसे नाही. यात कुत्रा म्हणजे आपल्या सद्गुणांच्या सरावाचे मैदान होतो. मार त्याला बसतो आणि नुकसान मात्र आपले मोजले जाते.

१९९२ साली पोप दुसरे जॉन पॉल यांच्या आज्ञेने प्रसिद्ध झालेला कॅटेकिझम, म्हणजे ख्रिस्तसभेचा धर्मशिक्षणाचा ग्रंथ, इथे एक पाऊल पुढे जातो. प्राणी ही देवाची निर्मिती आहे, त्यांच्या नुसत्या असण्याने देवाचा गौरव होतो, म्हणून माणसाकडून त्यांना दयेची वागणूक देय आहे, असे तो सांगतो. 'देय' या शब्दावर मी अनेकदा थबकलो आहे. जे देणे लागते ते आपल्या मर्जीवर सोडलेले नसते. विनाकारण प्राण्याला यातना देणे मानवी प्रतिष्ठेला सोडून आहे, हेही तिथे म्हटले आहे आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' मध्ये तेच पुन्हा सांगितले. आपल्या देशाचा १९६० चा प्राणी-क्रूरता प्रतिबंधक कायदाही हेच मानतो. कुत्र्याला आखूड किंवा जड साखळीने अवाजवी काळ बांधून ठेवणे, कायम बांधलेल्या कुत्र्याला फिरायला न नेणे हे त्यात स्पष्टपणे गुन्हे म्हणून नोंदले आहेत. पहिल्या गुन्ह्यासाठी या कायद्यात दंड १० ते ५० रुपये ठेवला होता, यावरून आपण ते किती मनावर घेतले हे समजते. आपल्या वाडीतून एक फेरी मारली तरी सकाळपासून रात्रीपर्यंत दोन हात साखळीवर गोल फिरणारे कुत्रे दिसतील. त्यांना कोणी मारत नाही, म्हणून मालक स्वतःला दयाळू समजतात.

तेव्हा माझे उत्तर: कुत्रा पाप करत नाही, पण त्याच्या बाबतीत पाप होऊ शकते. रागाच्या भरात एकदा उठलेला हात आणि 'मारल्याशिवाय कळत नाही' हे ठरवून रोज उठणारा हात यांत फरक आहे. आणि आता दुसरा मार्ग आहे, तो अधिक परिणामकारकही आहे, हे समजल्यानंतर उठलेल्या हाताची गोष्ट आणखी वेगळी.

त्याच कॅटेकिझमची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर काही कुत्राप्रेमी मला मिठी मारतील आणि इतर नाराज होतील. माणसांची दुःखे दूर करण्यासाठी खर्च व्हायला हवा तो पैसा प्राण्यांवर उधळणे योग्य नाही, असेही तिथे म्हटले आहे. बर्फातल्या जातीचा कुत्रा वसईच्या उकाड्यात आणून त्याच्यासाठी दिवसरात्र एसी लावणे ही दया नव्हे, ती हौस आहे. आणि ज्या घरात कुत्र्याला 'माझं बाळ' म्हणतात आणि कामाला येणाऱ्या बाईला दुसऱ्या कपात चहा देतात, त्या घरातील दया मला समजत नाही. कुत्र्याला शिकवताना जी नजर लागते, बरोबर काय केले ते आधी बघण्याची, ती त्या बाईच्या वाट्यालाही यायला हरकत नाही. मुलांच्याही. शाळेत शारीरिक शिक्षेला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे. घरांत ती चालूच आहे, आणि तिचे समर्थन त्याच वाक्यांनी होते: धाक हवा, मारल्याशिवाय कळत नाही. संत पौलाने कलस्सैकरांना लिहिताना बापांना बजावले आहे, की मुलांना चिडवू नका, ती खचून जातील.

काही वाचक म्हणतील, फादर, हे पिल्लांसाठी ठीक आहे. आमचा कुत्रा आठ वर्षांचा, मार खाऊन मोठा झालेला, हात वर केला की अंग चोरतो. त्याचे आता काय होणार? त्याच्याशीही करता येते, पण वेळ लागतो, आठवडे नव्हे तर महिने. घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी ठरवावे लागते, एकाने थांबायचे आणि दुसऱ्याने मारायचे असे चालत नाही. ती गुंडाळी, पट्टा, चप्पल जे काही असेल ते त्याच्या नजरेआड करावे. त्याच्यावर वाकू नये, डोक्यावरून हात आणू नये, जमिनीवर थोडे तिरके बसावे आणि त्याच्याकडे रोखून पाहू नये. तुकडा आपल्यापासून हातभर अंतरावर ठेवावा. पहिले काही दिवस तो आपल्यादेखत घेणार नाही. तेव्हा तुकडा तिथेच ठेवून उठून जावे, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा येऊन बसावे.